काळी पाच

डाव्या कानात शिट्टी वाजत राहते, म्हणून गेलो
कॉलेज रोडच्या कानवाल्या डॉक्टरीणबाईंकडे.
काचेच्या खोलीत बसवून त्यांनी टुकटुक ऐकवलं,
आलेखावर पेन टेकवून म्हणाल्या,
'वरच्या पट्टीतलं गेलंय. प्रेसशॉपमध्ये होतात ना?'
होतो. सातपूरला, एकोणतीस वर्षं.
पण कान मी तिथे नाही घालवला, बाई.
तारीखसुद्धा सांगतो.

सत्त्याऐंशीच्या डिसेंबरातला शेवटचा शनिवार,
देवळाली कॅम्पातलं एक मैदान,
उल्हास निकुंभची लूना, मागे मी,
आणि समोर, डोक्यापेक्षा उंच स्पीकरच्या पलीकडे
आयर्न पॅरट.
घरून निघताना बाबांनी विचारलं होतं,
'कुठे? लोखंडी पोपट ऐकायला?'
मंगळवारी भजनात पेटी धरणारा माणूस तो,
हसला, आणि मफलर दिला.

लॅन्सीने शेवटच्या गाण्यात किंकाळी मारली
तेव्हा मी डाव्या स्पीकरला जवळजवळ चिकटून होतो.
परतीच्या वाटेवर उल्हास काहीतरी बोलत होता,
मला फक्त त्याची वाफ दिसत होती.

मग कॅसेट. घरात सारखी तीच.
एका दुपारी बाबांनी पेटी ओढली,
भाता हलवत दोन-तीन सूर चाचपले,
'काळी पाच आहे रे. गळा आहे पोपटाला.'
एवढंच. परत भजनाची वही उघडली.
आयर्न पॅरटवर पेपरात पुष्कळ लिहून आलं पुढे,
इतकं नेमकं कुणी लिहिलं नाही.

नंतर पुण्यात पाहिलं त्यांना, दोनदा.
एकदा अर्ध्या गाण्यात वीज गेली
तर टेरेन्सने अंधारात वीस मिनिटं ड्रम बडवले.
एकदा ते आपापसांत भांडले, स्टेजवरच,
मी तिकिटाचे पैसे वसूल झाले असं समजलो.

आणि आता हा फेब्रुवारी,
गंगापूर धरणाच्या अंगाला द्राक्षमळ्यातला जलसा,
मनगटाला कागदी पट्टा, शेजारी माझी मुलगी ऋता,
आणि तिच्या वयाची पोरं, ज्यांना वाटतंय
हा पांढऱ्या दाढीवाला कुणाचा तरी आजोबा
चुकून माइकपाशी गेलाय.
टेरेन्स नाही. तीन वर्षं झाली म्हणे.
ड्रमवर एक मुलगी, दंड हे एवढे,
फार छान वाजवते. मला तिचा थोडा राग आला.
बास वाजवणारा खुर्चीत बसून.
लॅन्सी गाण्यांच्या मध्ये
घोट घोट गरम पाणी पितो, पाठ करून.

पहिल्या ओळीलाच कळलं,
गिटारी उतरवल्यात. सगळं एक सूर खाली.
काळी चार.
बाबा असते तर कोपराने ढोसलं असतं मला.

तरी शेवटची किंकाळी राहिलीच होती.
ती कुठे उतरवणार?
त्याने डोळे मिटले, मान मागे टाकली,
गळ्याच्या शिरा दोरीसारख्या.
तोंड उघडं राहिलं, राहिलं,
मला खालचा अर्धा ऐकू आला,
वर नुसती माझ्या कानातली शिट्टी.

'फाटला ना बाबा आवाज?' ऋता म्हणाली.
मला कसं कळणार?
त्याने जो सूर गमावला असेल,
तो ऐकायचा कान त्यानेच नेलाय.
मी म्हटलं, 'नाही गं. बरोबर लागला.'
तिने माझ्याकडे पाहिलं
आणि शेंगदाण्याची पुडी पुढे केली.

परतताना गाडीच्या काचा खाली केल्या.
थंडीने मणी तडकू नयेत म्हणून
बागाबागांतून शेकोट्या पेटवल्या होत्या,
धूर जमिनीलगत, स्टेजवरच्यासारखाच, पण खोकला येणारा.
एका शेकोटीपाशी कुणीतरी कानटोपी घालून
मोबाइलवर काहीतरी ऐकत उभं होतं.
काय, ते ऋताला ऐकू आलं असणार.
मी विचारलं नाही.
उल्हासला फोन लावला. नाशिकरोडला झोपला होता.
'उतरवलं रे त्यांनी,' मी म्हटलं,
'काळी चार.'
तो बराच वेळ काही बोलला नाही,
किंवा बोलला असेल; फोन डाव्या कानाला होता.